लिटरला वीस मिली

अठ्ठावीस वर्षं दिंडोरी रोडच्या दुकानात
द्राक्षांची औषधं विकली मी.
पान उलटं करून बघायचो नुसतं,
भुरी की डाऊनी, झोपेतही सांगितलं असतं.
लिटरला अडीच ग्रॅम, पंपाला पन्नास मिली,
आणि भाऊसाहेब, मनाने वाढवू नका,
दोन औषधं एका टाकीत कालवू नका.

तुझ्या पोटात नळी बसवली
तेव्हा छाटणी होऊन महिना झाला होता,
दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.
शरणपूरच्या एस्तर सिस्टर घरी आल्या.
चहा नको म्हणाल्या.
दाराची कडी पाहिली, दिव्याची बटणं, बेसिनचा नळ,
पंख्याच्या पात्यावर बोट फिरवून
ते बोट मला दाखवलं.
दिवसातून चार वेळा पोटात पाणी भरायचं,
चार वेळा काढायचं.
चारही वेळा दार उघडं असतं, काका.
कोणतं दार, ते विचारावं लागलं नाही.

त्या रात्री मी अतिशहाणपणा केला.
बाथरूममध्ये ब्लीच ओतलं, न मोजता,
त्यावर फरशीचं ॲसिड.
एकाने मरत नसेल तर दोघांनी मरेल.
घसा कापत वास वर आला.
आतल्या खोलीत तू खोकायला लागलीस.
तुला शालीत गुंडाळून गॅलरीत आणलं,
समोरच्या वाघमोडे वहिनी
कपडे काढता काढता थांबल्या,
आणि मी, ज्याने अख्ख्या तालुक्याला शिकवलं,
हातात झाकण धरून उभा.

सिस्टर रागावल्या नाहीत.
भीतीला माप नसतं, म्हणाल्या,
म्हणून बाटलीला द्यायचं.

दुकानातून कोरं मोजपात्र आणलं.
लिटरला वीस मिली, गार पाण्यात,
आजचं आजच, उद्याचं उद्या.
आधी साबणाने मळ, मग हे,
खिडकी उघडी.
ओलं फडकं फिरवायचं
आणि दहा मिनिटं काहीच करायचं नाही.
हेच जमेना.
कडी ओली चमकत राहायची,
तू भिंतीकडे तोंड करून पडलेली,
आणि मला वाटायचं
काहीतरी पुसून टाकावं पटकन.

पितळी कडी काळवंडली.
माझ्या निळ्या शर्टावर पांढरे ठिपके आले,
भुरी पडल्यासारखे.
केतकी पुण्याहून आली, तिला दारातच थांबवलं,
आधी हात.
ती हात धुता धुता रडली,
नळ मात्र कोपराने बंद केला,
तेवढ्यातही लक्षात ठेवून.

एकदा मीच म्हणालो,
घराला दवाखान्याचा वास लागलाय, हेमलता,
काय करणार.
तू म्हणालीस, दवाखान्याचा कुठे?
तरणतलावाचा.

तेहतीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं.
मे महिना, अकरा वर्षांची तू,
शिट्टी, निळ्या फरशा, लाल झालेले डोळे,
वेणीतून फ्रॉकवर गळणारं पाणी.
आई ओरडायची, केसांचा वास जात नाही म्हणून.
आणि मी, म्हणालीस, मुद्दाम धुवायचे नाही.

सहाची पिशवी लावायची होती.
खिडकी लावली, पंखा बंद केला,
कोपरापर्यंत हात धुतले, नखांच्या आतून,
मास्क बांधला.
पाणी उतरायला लागलं.
तू डोळे मिटून घेतलेस.

खोल किती होता गं, विचारलं.

एका टोकाला पाय टेकायचे, म्हणालीस.
दुसऱ्या टोकाला नाही.